नाना मुक्कामाला थांबतात

झोपलेल्या माणसाला हलवून उठवायचं आणि त्याने डोळे उघडले की विचारायचं, "झोपना का?" म्हणजे अहिराणीत "झोपलास का?" ही आमच्या हिलाल नानांची रोजची रीत आहे. या प्रश्नाला उठलेल्या माणसाने काय उत्तर द्यावं, हे मला अजून कळलेलं नाही.

अमळनेरला आमची घरं लागून आहेत. उन्हाळ्यात त्यांच्या गच्चीवर ते आणि आमच्या गच्चीवर मी झोपतो, मध्ये कंबरेएवढी भिंत. रात्री दोनच्या सुमाराला भिंतीवरून हाक येते, "भास्कर, झोपना का?" पहिल्या हाकेला मी दाद देत नाही. दुसरीला कूस बदलतो. तिसऱ्या हाकेबरोबर भिंतीवरून काठी येते आणि माझ्या बरगडीत टोचते.

"जागा आहे, नाना."

"बरं, झोप मंग," असं म्हणून नाना आडवे होतात आणि मी उजाडेपर्यंत आभाळाकडे बघत पडतो. गेली दोन वर्षं हे असं चाललंय.

माझी बायको म्हणते, म्हातारपण. मी म्हणायचो, एस.टी. नानांची सगळी नोकरी कंडक्टर म्हणून गेली, आणि त्यातली निम्मी मुक्कामी गाडीवर. संध्याकाळची शेवटची फेरी घेऊन शिंदखेड्याकडच्या एखाद्या गावाला जायचं, गाडी तिथेच उभी करून झोपायचं आणि पहाटे तीच गाडी घेऊन परत यायचं. ड्रायव्हर टपावर, नाना आत मागच्या लांब सीटवर. डिझेल चोरीला जायची धास्ती असायची. म्हणून रात्रीतून दोन-तीनदा नानांनी आतून हाक मारायची, "भाऊ, झोपना का?" आणि ड्रायव्हरने टपावरून ओरडायचं, "जागाच शे!" चोराला वाटावं, बठ्ठे, म्हणजे सगळेच, जागे शेतस. प्रत्यक्षात दोघंही पेंगलेलेच असत.

या मुक्कामांमुळे नानांकडे झोपण्याच्या जागेचं एक शास्त्रच तयार झालं होतं. दाराकडे डोकं करायचं नाही. बायामाणसं-लेकरं झोपली असतील त्यांच्यापासून दहा पावलांवर अंथरूण टाकायचं, कारण बाईमाणूस जागा पारखून घेतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, झोपण्याआधी गावातल्या तीन माणसांना सांगून ठेवायचं की आम्ही इथे झोपलोय आणि गाडी अमुक वाजता आहे. एक विसरतो, दुसरा आजारी पडतो, तिसरा येऊन उठवतो. या हिशेबाने नानांची पहाटेची गाडी कधी चुकली नाही, असं ते सांगतात.

तर अशा माणसाबरोबर मला परदेशी जायची वेळ आली.

नानांची मुलगी मनीषा आयर्लंडमध्ये असते. तिचं पहिलं बाळंतपण आठवड्यावर आलेलं. बाळंतपणाला आई जाते, पण मनीषाची आई, आमच्या अक्का, दोन वर्षांपूर्वी वारल्या, म्हणून डिंकाचे लाडू घेऊन नाना निघाले. माझा मुलगा त्याच गावात नोकरीला, तेव्हा सोबत म्हणून माझी नेमणूक झाली. मी कॉलेजच्या ऑफिसातून निवृत्त झालेला माणूस. भुसावळला गाडी बदलायची म्हटली तरी आदल्या रात्री माझं पोट बिघडतं. इथे तर मुंबईहून निघून मध्ये एका वाळवंटी देशाच्या विमानतळावर उतरायचं, रात्रीचे नऊ तास काढायचे आणि सकाळी सातला दुसरं विमान पकडायचं होतं.

निघायच्या आदल्या दिवशी मनीषाचा फोन आला. "काका, नाना रात्रीचे झोपत नाहीत. मागच्या महिन्यात नळावर चक्कर येऊन पडले ते त्यामुळेच. डॉक्टर म्हणाले, एवढ्या लांबच्या प्रवासात जागरण झालं तर काही सांगता येत नाही. त्या नऊ तासांत त्यांना काहीही करून झोपवा. मी इथे दवाखान्यात असताना मला त्यांच्याबद्दल काही वाईट ऐकायचं नाहीये." तिचा आवाज रडवेला झाला होता. मी छातीठोकपणे हो म्हणालो आणि फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की मी काय कबूल करून बसलो.

विमानतळावर उतरलो तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते. पासपोर्ट बनियनच्या खिशात, आणि दर पाच मिनिटांनी माझा हात छातीवर. लोकांना वाटत असेल याला हृदयाचा त्रास आहे. चोर, पोलीस, विमान चुकणं आणि नाना पडणं, अशा चार गोष्टींची मला भीती वाटत होती, आणि पहिल्या तीन विसरून जाव्यात इतकी चौथीची वाटत होती. त्यांचे डोळे लाल झाले होते आणि चालताना ते मधूनच भिंतीला हात लावत होते.

आतल्या आतच एक छोटं हॉटेल होतं. चौकशी केली, खोली होती. मी म्हणालो, "नाना, इथेच झोपू. दार लावून घेऊ, कोणाची भीती नाही."

नानांनी खोलीत डोकं घालून पाहिलं. "बंद खोलीमा हाक कोनले ऐकू जाई?"

"हाक कशाला मारायचीय? फोन आहे."

"नको भो. आठे नको." आणि ते चालू लागले. इतकं घाबरलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण तेव्हा मला नुसता राग आला.

मग आमची जागेची शोधमोहीम सुरू झाली. खुर्च्या पुष्कळ होत्या, पण प्रत्येक खुर्चीला लोखंडी हात. नानांनी त्यांच्यावर तीन तऱ्हांनी आडवं होऊन पाहिलं. "एस.टी.ना सीट बरा," म्हणाले. जिन्याखालची जागा मला आवडली, तर तिथे म्हणे दाराकडे डोकं येतं. एका खांबामागे मऊ गालिचा होता, पण वरतीच भोंगा. दर दोन मिनिटांनी एक बाई त्यातून कुठल्या तरी गावाचं नाव घ्यायची आणि मी पासपोर्ट चाचपायचो.

शेवटी एका कोपऱ्यात दोन बाया आणि चार-पाच पोरं ओळीने झोपलेली दिसली. नानांनी तिथून मोजून दहा पावलं टाकली आणि हातातली वळकटी सोडली. होय, वळकटी. सतरंजी, चादर आणि मच्छरदाणी. मुंबईच्या तपासणीत ती उलगडून दाखवावी लागली होती. आता रांगेसाठी पट्टे लावलेले चार खांब त्यांनी ओढून आणले आणि त्यांना मच्छरदाणीची टोकं बांधली.

"नाना, इथे डास नाहीत."

"तुले काय माहीत? तू आठे पहिल्यांदाच येल शे."

पोलीस आला. कॉलेजात इतकी वर्षं इंग्रजीत पत्रं टाइप केली, पण तोंडातून एक शब्द निघेना. पोलिसाने मच्छरदाणीकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि हलक्या हाताने एकेक गाठ सोडून मच्छरदाणी घडी घालून नानांच्या हातात दिली. त्याला जाऊ द्यायचं सोडून नानांनी त्याचा दंड धरला. "आम्ही दोन जन. आठे झोपेल शेतस." दोन बोटं, मग सतरंजी दाखवली. "गाडी सकायले सात." सात बोटं आणि उडतं विमान. "साडेपाचले उठाडजो." पोलीस मान हलवून गेला. मी कपाळावरचा घाम पुसला.

हे झालं एक माणूस. नाना उठले, चहाच्या दुकानातल्या पोरीला तेच सांगून आले. मग फरशी पुसणाऱ्या बांगलादेशी माणसाला. तिन्ही माणसं झाल्यावर ते समाधानाने सतरंजीवर येऊन बसले आणि मला म्हणाले, "झोप."

"तुम्ही झोपा."

"तू आधी झोप."

साडेबारा वाजले, एक वाजला. मी डोळे मिटले की हाक. "भास्कर, झोपना का?" "नाही." परत मिटले की परत हाक. नाना मात्र ताठ बसलेले, मांडीवर लाडवांची पिशवी, डोळे टक्क उघडे. पावणेदोनला त्यांनी पाचव्यांदा हाक मारली आणि माझा तोल गेला.

"नाना, पुरे झालं आता. इथे डिझेल नाही, चोर नाही, गाडी आपली नाही. मनीषाने मला शपथ घातलीय. तुम्ही झोपला नाहीत आणि विमानात काही झालं तर त्या पोरीला मी काय सांगू? का छळता मला रात्रंदिवस?"

नाना पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत बसले. मग खाली मान घालूनच म्हणाले,

"तुनी अक्का रोज बोले. मी हाक मारू, ती म्हने, जागीच शे, झोपा आते. त्या रातले हाक मारी, ती बोलनी नही. आठ दिसपाईन तिले झोप नव्हती. मी म्हनं, बरं व्हयनं, लागनी झोप. तिना अंगवर पांघरूण घालं. मी बी झोपी गऊ." बोटावरचा बंद सुटला, तो त्यांनी परत गुंडाळला. "सकायले हात लावा, ते थंडगार."

पुसणाऱ्याचं यंत्र लांबून घुंई करत गेलं.

"अजून एक हाक माराले पाहिजे व्हती, भो," नाना म्हणाले.

अक्का झोपेत गेल्या हे मला माहीत होतं. सगळ्या गल्लीला माहीत होतं. पण त्या झोपेत शेजारी नाना होते, हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. दोन वर्षं मी त्या हाकांवर चिडलो, बायकोजवळ त्यांच्या नकला केल्या, एकदा तर मुद्दाम कानात कापूस घालून झोपलो. तेव्हा काठी किती वेळ टोचत राहिली होती, ते आता आठवलं आणि मला माझी लाज वाटली.

मग मला एस.टी.चंच सुचलं.

"नाना, आज ड्युटी बदलू. तुम्ही ड्रायव्हर, मी कंडक्टर. ड्रायव्हरला झोप पाहिजेच, नाहीतर पहाटे गाडी कोण चालवणार? हाका मी मारतो."

नानांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. नवा कंडक्टर कामाचा आहे की नाही, असं पाहत असावेत. "मारशी ना?"

"मारेन."

"मी बोलनू नही ते अजून मारजो."

"बोलेपर्यंत मारेन."

ते आडवे झाले. पिशवी उशाशी घेतली, तिचा पट्टा मनगटाला गुंडाळला. मी पहिली हाक मारली, "जागाच शे" आलं. अर्ध्या तासाने दुसरी मारली, तेव्हा आवाज जड होता. मग घोरणं सुरू झालं आणि इतकं गोड घोरणं मी जन्मात ऐकलं नव्हतं.

चारच्या सुमाराला ते घोरणं थांबलं.

मी वाट पाहिली. नाना उताणे, तोंड किंचित उघडं, चादर हलतेय की नाही ते त्या पांढऱ्या उजेडात कळेना. मी हळूच म्हणालो, "नाना, झोपले का?" काही नाही. "नाना." काही नाही. हात लावून पाहायचा तर हात उचलेना, कारण हात लावला आणि तो थंड लागला तर पुढे काय, हे मला आत्ताच कळलं होतं. या एवढ्या मोठ्या उजळलेल्या इमारतीत मी एकटाच जागा आहे असं वाटलं. जवळ काठी नव्हती. मी बोर्डिंग पासची सुरळी केली आणि ती त्यांच्या बरगडीत टोचली.

"नाना, झोपले का हो?"

"जागाच शे," डोळे न उघडता नाना म्हणाले.

"बरं, झोपा मग."

मी भिंतीला टेकलो.

साडेपाचला फरशीवाला आला आणि त्याने नानांचा अंगठा हलवला. त्याच्या मागोमाग चहावाली पोरगी दोन कप घेऊन आली. आम्ही सतरंजी गुंडाळत होतो तेवढ्यात पोलीसही आला आणि त्याने सात बोटं दाखवून विमान उडवलं. तिघांतला एकही विसरला नव्हता, एकही आजारी पडला नव्हता. नानांनी तिघांना एकेक लाडू दिला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी मान खाली घातली.

विमानात चढण्याआधी मनीषाला फोन लावला. "झोप लागनी व पोरी, चांगली लागनी," नाना सांगत होते. "पन हाऊ भास्कर झोपू देस नही. रातभर उठाडी उठाडी इचारस, झोपना का म्हनीसन."

मनीषाला मुलगी झाली. मी महिन्याने परत आलो, नाना तिकडेच राहिले. इकडे उन्हाळा चढला तसा मी गच्चीवर झोपायला जाऊ लागलो. भिंतीपलीकडे कोणी नाही. आता दोन वाजता मला आपोआप जाग येते आणि मग झोप लागत नाही. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, म्हातारपण.

परवा पहाटे कुठे नीट झोप लागली होती, तर फोन वाजला. तिकडे रात्र असेल.

"भास्कर, झोपना का?"

"जागाच शे, नाना. काय झालं?"

"काही नही." आवाज अगदी दबका होता. "नात मना बाजूले झोपेल शे. तिले हाक मारी ते ती उठीसन रडस, आनि मनीषा माले रागावस. मंग म्हनं, भास्करले मारू."

"बरं केलंत. आता झोपा."

"हा. तू बी झोप मंग."

मी गाढ झोपलेलो होतो, पण ते नानांना सांगायचं काही कारण नव्हतं.