मानवत ओपनिंग

आमच्या गल्लीतले नाना बुद्धिबळाचा डाव एकाच चालीनं सुरू करतात. कडेच्या हत्तीपुढचं प्यादं, तेही फक्त एक घर. समोरचा हसला की म्हणतात, "घाई कायकू? आधी हत्तीला हवा लागू द्या."

एका जाणकारानं विचारलं, "काका, या ओपनिंगला नाव काय?"

"मानवत, आपल्या गावाचंच," नाना म्हणले. "आमच्याकडं कापूस बी हळूहळूच वेचतेत."

प्यादं सरकलं की चौकशी सुरू. "गाव कोणतं? पालम? आमची मावसबहीण दिलीय की पालमला." खेळताना बोलायचं नसतं, म्हणून पंच दटावतात. नाना त्यांनाही गाव विचारतात.

यंदा परभणीच्या स्पर्धेला मी सोबत गेलो. आणि काय सांगू, नाना जिंकतच सुटले. शेवटचा डाव मारला की ज्येष्ठांची ढाल त्यांचीच. मी गल्लीत फोन केला, तिकडं लोकांनी हारसुद्धा आणून ठेवला.

समोर पालमचे एक मास्तर होते. दुपार कलली तशी मास्तरांनी डोकं धरलं. माझ्या बाजूचा बघ्या कुजबुजला, "संपलं. वजीर एक घर सरकवला की मात."

नानांनी राजा सरकवला. मग एक प्यादं. मग पुन्हा राजा. माझा जीव खालीवर व्हायलाय आणि हा माणूस मास्तरांना विचारतोय, "लेकरं काय करतेत?" असं करता करता नानांच्या घड्याळातला वेळ संपला. डाव मास्तरांचा झाला आणि ढाल भलताच कुणीतरी घेऊन गेला.

परतीच्या एसटीत माझं डोकं फिरलेलं. "नाना, एक चाल राहिली होती. दिसली न्हाई का?"

"दिसली की."

"मग घोडं कुठं पेंड खात होतं?"

"मात केली की मास्तर उठून गेले असते, बापू. तुमची काकू गेल्यापासून माझ्यासमोर एवढा वेळ कुणी बसलंच न्हाई."

मला लय भरून आलं.

मानवतला उतरल्यावर मी घरी गेलोच नाही. नानांच्या ओसरीवर बसलो आणि म्हणलं, "पट काढा. पण आधीच सांगतो, मला यातलं ओ की ठो कळत न्हाई."

नानांचा चेहरा खुलला. "मग तर लय वेळ लागंल," म्हणले, आणि चहा ठेवायला आत गेले.