चारबागच्या छुप्या तुळईची मोहीम

राजमान्य राजश्री सुभेदार-मेजर बाबुराव शिंगटे, निवृत्त, हल्ली मुक्काम तेलीबाग, शहर लखनौ, यांचे चरणीं आज्ञांकित सून विभा हिचा शिरसाष्टांग दंडवत. विज्ञापना ऐसी जे, मामंजींनी गेल्या मंगळवारी चहाचे वेळी आज्ञा केली की, चिरंजीव प्रसन्नराव यांनी कचेरीत यंत्रावर जी फत्ते केली तिची बखर जुन्या चालीवर लिहून द्यावी, ती रविवारी मराठी मंडळींच्या सभेत आम्ही खासा उभे राहून वाचू, आणि एक अक्षर गाळणार नाही. आज्ञा शिरसावंद्य. सबब दिवसभर नोकरीच्या वनस्पतिसंशोधन संस्थेत झाडांची पाने मोजून, घरी आल्यावर कुकरच्या दोन शिट्ट्यांमधल्या फुरसतीत हा मजकूर सिद्ध केला आहे. ज्याने जे सांगितले ते लिहिले, आणि ज्याने जे सांगितले नाही तेही लिहिले, कारण बायकोपासून फार काही लपत नाही.

प्रथम पेशाचा खुलासा. मामंजी गेली नऊ वर्षे आल्यागेल्यास सांगतात की मुलगा एसी बसवतो. तैसे नव्हे. बसवणारे वेगळे, त्यांस लोक निदान पाणी तरी विचारतात. प्रसन्नराव हे नकाशे काढणारे. इमारतीत थंड हवा कोठून शिरावी, आणि डक्ट म्हणजे पत्र्याचे जे मोठे चौकोनी नळ त्यांतून छताखाली कशी फिरावी, आणि मग कोणाच्या डोक्यावर पडावी व कोणाच्या मानेवर पडू नये, हे संगणकावर रेघ रेघ करून दाखवणे हा त्यांचा हुद्दा. हवा नीट लागली तर नाव यंत्र विकणाऱ्याचे, न लागली तर बोल नकाशा काढणाऱ्यास, ऐसा मानाचा पेशा. यास पुढे भविष्य आहे काय, हे आपण वेळोवेळी पुसिले. तर भविष्य उदंड आहे. लखनौचा उन्हाळा दरसाल चढाई करून येतो, आणि शादीघरापासून कोचिंगक्लासापर्यंत जो तो गारवा मागतो, आणि मग जिकडे तिकडे डक्टच डक्ट होणार यात शंका नाही. ते काढण्यास माणूस लागेल की नाही, एवढीच किरकोळ बाब अनिश्चित आहे.

विकास नगरात दुसऱ्या मजल्यावर, खाली मिठाईवाला आणि वर पाण्याची टाकी अशा मजबूत ठिकाणी श्रीमंत राजेश सक्सेना यांची कचेरी. तेथे नकाशे काढणाऱ्यांच्या खुर्च्या दोन. एकीवर प्रसन्नराव. दुसरीवर नेत्रा खांडेकर, वायुदलातल्या वॉरंट ऑफिसरची कन्या, मूळची वर्ध्याची परंतु छावणी छावणी करीत वाढलेली, वय सव्वीस, मराठी सगळी समजते आणि उत्तर हिंदीत देते. ही दोघे सहा वर्षे शेजारी बसून एकमेकांचे नकाशे तपासीत आणि एकाच्या डब्यातली भाजी दुसऱ्याच्या पोळीला लागत असे. ऐसे स्वस्थ चालले असता वैशाखात सक्सेनासाहेब दिल्लीस प्रदर्शनास गेले आणि येताना यंत्र घेऊन आले. यंत्र म्हणजे लोखंड नव्हे, संगणकातलीच विद्या. तिला इमारतीचा नकाशा खाऊ घातला की डक्टचा नकाशा ओकून देते, ना चहा मागते, ना छठपूजेची रजा.

मग साहेबांनी दोघांस दालनात बोलावून फर्मावले की, आम्हांस तुमचा जिव्हाळा फार, तुम्ही घरचेच आहात, सबब दिवाळीनंतर दोन्ही खुर्च्यांची गरज उरणार नाही. तरी अन्याय नको म्हणून चारबागेतल्या नव्या हॉटेलाचा दावतखाना यंत्रासही देतो आणि तुम्हांसही देतो. मुदत सहा दिवस. ज्याचा नकाशा सरस त्याची कचेरी. हे ऐकून नेत्राबाईंनी मान हलविली आणि प्रसन्नराव घरी येऊन आपणांस म्हणाले की कचेरीत काम जरा वाढले आहे. त्या रात्री त्यांनी भात दोनदा वाढून घेतला आणि दोन्ही वेळा टाकला. घराचे हप्ते, आपला नातू आर्यन याची शाळा, हे तर होतेच, परंतु नऊ वर्षे ज्या कामास बापाने एसी बसवणे म्हटले ते कामही गेले तर बापास सांगावे काय, हे त्यांस अधिक खात होते.

यंत्राने आपला नकाशा अकरा मिनिटांत दिला. रंगीत होता. साहेबांनी तो भिंतीवर लावला आणि येणाऱ्याजाणाऱ्यास दाखविला, आणि लोक वाहवा करीत, जरी डक्ट कोणते आणि जिना कोणता हे त्यांतल्या निम्म्यांस उमजत नव्हते.

इकडे आपल्या फौजेने तिसऱ्या दिवशी चारबागेवर कूच केले. सरंजाम येणेप्रमाणे: मोजपट्टी एक, वही एक, पाण्याच्या बाटल्या दोन, आणि प्रसन्नरावांचा रुमाल, जो पाच मिनिटांत कामास आला. स्टेशनासमोर ऑटोवाल्यांनी वेढा दिला, हमालांनी बगलेवरून हल्ला केला, एका सज्जनाने हॉटेल दाखवतो म्हणून भलत्याच हॉटेलात नेऊन सोडले, परंतु फौज डगमगली नाही. आता येथे या पेशाची एक चाल सांगितली पाहिजे. आपल्या या शहरात, आणि मामंजी म्हणतात की साताऱ्यातही, प्रत्येक इमारतीचे नकाशे दोन असतात. एक मंजुरीचा, जो कागदावर राहतो. दुसरा मिस्त्रीच्या डोक्यातला, जो प्रत्यक्ष उभा राहतो. सबब जाणता नकाशेवाला कागदावर भरवसा न ठेवता शिडी लावतो, छताची एक फळी वर सारून आत डोके घालतो, आणि मगच रेघ ओढतो. हे यंत्रास कोणी शिकविले नव्हते. यंत्राने मंजुरीचा नकाशा सत्य मानला. इतका साधा भोळा जीव लखनौत बरेच दिवसांनी आला असेल.

शिडी लागली. आता जे लिहिते ते नीट ऐकावे. मामंजींचे चिरंजीव उंचीस भितात. आपण लडाखच्या कड्यांवर पहारे दिले, परंतु ते रक्त येताना वाटेत कोठे थांबले ते देव जाणे. सहा वर्षांत एकदाही प्रसन्नराव शिडीच्या दुसऱ्या पायरीवर गेले नाहीत. नेत्राबाई चढत आणि ते शिडी धरून ठेवत, ही दोघांतली मुकी वहिवाट होती आणि साहेबांस ठाऊक नव्हती. त्या दिवशीही बाई चढल्या, फळी सारली, मोबाइलचा उजेड आत टाकला, कबुतरे फडफडली, आणि वरून हाक दिली.

"दादा, यहाँ तो एक और बीम है. नक्शे में नहीं है."

चौकशीअंती कळले की हॉटेलाचे मालक जयसिंग यांनी छतावर मोठी टाकी बसविली, आणि ती पडू नये म्हणून मिस्त्रीने खालून सव्वा फूट जाडीची तुळई घातली, आणि कागदावर चढवण्याचे राहून गेले. यंत्राचा रंगीत डक्ट त्या तुळईच्या बरोबर पोटातून जात होता. नेत्राबाईंनी वरून मापे सांगितली, प्रसन्नरावांनी खालून लिहिली, आणि पुढले दोन दिवस बसून डक्ट चपटा करून, तुळईला वळसा देऊन नकाशा काढला तो मात्र प्रसन्नरावांनी. हे श्रेय त्यांचे त्यांस दिले पाहिजे. तो वळसा खरोखर देखणा आहे. मी पाहिला.

सहाव्या दिवशी साहेबांच्या दालनात सामना जाहला. जयसिंग मालक आले, समोसे आले, यंत्राचा नकाशा पडद्यावर झळकला. मग प्रसन्नरावांनी तुळईचा फोटो दाखविला. जयसिंगांनी फोटो पाहिला, यंत्राचा डक्ट पाहिला, आणि पुसिले की पत्रे कापले असते तर ते कोठे ठेवायचे. साहेबांनी यंत्राचा नकाशा भिंतीवरून स्वहस्ते उतरविला. शिकस्त पुरी जाहली. यंत्राने मात्र वाईट वाटून घेतले नाही, कारण तेवढी सोय त्यात अजून नाही.

मग फर्मान निघाले. ते असे की, यंत्र राहील, कारण त्याचे पैसे भरले आहेत. परंतु त्यावर नजर ठेवण्यास एक माणूस राहील. एकच. आणि साहेब सर्वांसमक्ष म्हणाले, "प्रसन्न जी, नज़र हो तो आप जैसी. कुर्सी आपकी."

फोटो प्रसन्नरावांच्या संगणकावरून दाखविला गेला होता, नकाशासोबतचे पत्र त्यांच्या नावे गेले होते, सबब साहेबांचा समज तसा जाहला. त्या वेळी एक वाक्य बोलण्याची गरज होती. आपल्या शूराने मिठाची गुळणी धरली. नेत्राबाई त्यांजकडे पाहात होत्या, मग समोशाकडे पाहू लागल्या. संध्याकाळी चिरंजीव घरी आले, आपणांस म्हणाले की जिंकलो, आणि आपण अर्ध्या तेलीबागेस पेढे वाटले. मीही दोन खाल्ले. खाताना मला काही ठाऊक नव्हते, परंतु त्यांनी एकही खाल्ला नाही तेव्हा काहीतरी चुकले एवढे ठाऊक झाले.

नऊ दिवस ऐसे गेले. नेत्राबाई शेजारच्या खुर्चीवर बसून आपल्या फायली नीट नावे घालून लावीत होत्या, म्हणजे मागाहून प्रसन्नरावांस सापडाव्या. भांडल्या असत्या तर बरे झाले असते. डबे आता वेगवेगळे उघडत. घरी चिरंजीव आर्यनवर उगीच ओरडले, मग माझ्यावर ओरडले, मग कूलरवर ओरडले. कूलर बिचारा नीट चालला होता.

दहाव्या दिवशी विकास नगरातल्याच एका दवाखान्याचे काम आले आणि साहेब हौसेने म्हणाले की आज आम्हीही येतो, तुमची नजर काय चीज आहे ती पाहू. शिडी लागली. साहेब खाली, दवाखान्याचे डॉक्टर खाली, कंपाउंडर खाली, आणि प्रसन्नराव एक पायरी चढले, दुसरी चढले, आणि तिसरीवर पाय ठेवून जे थांबले ते थांबलेच. हात घट्ट, डोळे मिट्ट, अंगाला घाम. कंपाउंडरने रक्तदाब मोजू का विचारले. मग चिरंजीव हळूहळू मागल्या पायी उतरले, जमिनीवर उभे राहिले, आणि साहेबांच्या डोळ्याला डोळा देऊन बोलले.

"सर, चारबाग में ऊपर नेत्रा चढ़ी थी. बीम उसी ने देखा था. मैंने सीढ़ी पकड़ी थी."

साहेबांनी शिडीची उंची डोळ्यांनी मोजली. मग पुसते जाहले, "तो ये बात उस दिन क्यों नहीं कही?"

"डर गया था, सर."

येथे काही टीकाकार म्हणतील की शिडी आडवी आली नसती तर सत्य बाहेर पडलेच नसते. शक्य आहे. मी चिरंजीवांना हे विचारले, आणि ते म्हणाले की त्यांनाही सांगता येत नाही. परंतु सहज म्हणता आले असते की चक्कर आली, उन्हाने डोके फिरले, उद्या चढतो. डॉक्टर समोर होते, चिठ्ठीही मिळाली असती. ते म्हटले नाही, हे बखरकारास नमूद करणे भाग आहे.

त्याच संध्याकाळी दुसरे फर्मान निघाले. खुर्ची नेत्रा खांडेकर यांजकडे. प्रसन्नरावांस दिवाळीपर्यंतही न ठेवता महिनाअखेर मोकळीक, आणि शिफारसपत्र साहेब देतील, त्यात सत्यवादी असा शब्द घालतील, जो वाचून या धंद्यात कोण नोकरी देईल हे सांगवत नाही. नेत्राबाई त्या रात्री घरी आल्या, उंबऱ्यात उभ्या राहिल्या, आणि आयुष्यात प्रथमच मराठीत म्हणाल्या, "दादा, खुर्ची मला अशी नको होती." चिरंजीव म्हणाले, "मलाही तशी नको होती." मग दोघेही जेवायला बसले. आपण तेव्हा वरच्या मजल्यावरच्या शेजारी कर्नलसाहेबांस विजयाची हकीकत तिसऱ्यांदा सांगत होता.

महिना संपून आज आठ दिवस जाहले. मामंजी, घरून काम चालू आहे असे आपणांस जे सांगितले ते खोटे. खोली बंद करून ते दिवसभर यंत्राची विद्या शिकतात, नोकरीचे अर्ज लिहितात, आणि आपली पावले जिन्यात वाजली की हिंमत गोळा करतात आणि पुन्हा सांडतात. साहेबांस सांगण्यास त्यांस दहा दिवस लागले. आपणांस सांगणे जमेना, कारण पेढे वाटून झाले होते. म्हणून ही बखर.

एवंच, मोहीम चारबाग, मौजे लखनौ, तारीख अकरा जून. बाजू शिंगट्यांची. गमावले: खुर्ची एक, पगार एक, चारचौघांतली वाहवा. कमावले ते वर लिहिले आहे. निकाल फत्ते, ऐसे दप्तरी कायम केले, शिक्का सून विभा.

मामंजी, आपण हे उभ्याने वाचत आहात आणि सभा ऐकत आहे. चिरंजीव दुसऱ्या रांगेत माझ्या शेजारी बसले आहेत आणि मघापासून मान खाली आहे. मी यांत काय लिहिले आहे हे त्यांस ठाऊक नव्हते. कृपा करून कागद खाली ठेवावा आणि त्यांजकडे पाहावे.