यावोरने चुकवलेला नामदिवस

फुलांच्या रविवारी सकाळी अकरा वाजता यावोर गेचेव्हने घराचे पडदे ओढले, बेलची वायर काढून ठेवली आणि बायकोला घेऊन चोरासारखा जिना उतरला. ईस्टरच्या आदल्या रविवारी झाडाफुलांची नावं असलेल्या सगळ्यांचा नामदिवस असतो, आणि यावोर हे एका झाडाचं नाव. नामदिवसाला कोणी कोणाला बोलावत नाही. ज्याला यायचं तो येतो, आणि यजमानाने दार उघडून खाऊपिऊ घालायचं असतं. गेल्या वर्षी एकोणीस जण आले होते. त्यांतल्या चौघांना यावोर ओळखतही नव्हता, पण गावाहून आणलेली घरची राकिया, म्हणजे फळांची दारू, सगळ्यात जास्त त्या चौघांनीच रिचवली.

यंदा त्याने चोख बंदोबस्त केला. विदिनला सासूबाई अत्यवस्थ आहेत, रविवारी तिकडे धावावं लागणार, असं त्याने शुक्रवारीच कचेरीत पडेल चेहऱ्याने सांगून टाकलं. या एका थापेत दोन कामं झाली. कचेरीच्या प्रमुख व्हियोलेता हाजीएवा, म्हणजे त्यांचंही नाव फुलाचंच, त्यामुळे त्यांच्या घरी भेटवस्तू घेऊन जाणंही टळलं. एरवी बाईंना चुकवायची त्याची छाती नव्हती. सोमवारी त्या उपप्रमुखाच्या नेमणुकीवर सही करणार होत्या आणि या खुर्चीसाठी यावोर अकरा वर्षं लाळ गाळत होता. स्पर्धेत उरला होता तो फक्त पेत्को मुताफोव्ह, आणि यावोरच्या मते पेत्को म्हणजे शुद्ध गाढव.

शहराच्या दुसऱ्या टोकाला, नादेझ्दा वस्तीत, एका इमारतीच्या तळघरात सात टेबलांचं हॉटेल होतं. तिथे ओळखीचं कुत्रंही भेटणार नाही, अशी यावोरची खात्री होती. वाढायला स्तान्का नावाची बाई होती आणि गिऱ्हाईक म्हणजे आपल्यावर आलेलं संकट, असं तिचं स्पष्ट मत होतं.

"मासा नाही," मेनूकार्ड उघडायच्या आतच तिने सांगितलं. फुलांच्या रविवारी सगळं गाव मासा खातं, त्यामुळे तो नसणारच.

"मग आहे काय?"

"जे नाही ते सोडून बाकी सगळं."

अखेर काकडी-टोमॅटोचं शोप्स्का सॅलड आलं, वर पांढऱ्या चीजचा डोंगर, सोबत थंडगार राकिया. यावोरने पहिला घोट घेतला आणि त्याला वाटलं, सुख म्हणतात ते हेच. दुसरा घोट घेताना त्याला कोट अडकवायच्या स्टँडमागे एक टेबल दिसलं. तिथे कोणीतरी मेनूकार्ड तोंडासमोर उभं धरून बसलं होतं आणि कार्डाच्या वर वांग्याच्या रंगाचे केस दिसत होते. सबंध सोफिया शहरात असे केस एकाच डोक्यावर होते. ते डोकं या वेळी डोंगरातल्या एका मठात प्रार्थना करत असायला हवं होतं, निदान शुक्रवारी यावोरची थाप ऐकून झाल्यावर हाजीएवा बाईंनी त्याला एकट्याला तसं सांगितलं होतं.

कार्ड जरा खाली आलं. नजरानजर झाली. आता पळण्यात अर्थ नव्हता, म्हणून यावोर उठून तिकडे गेला.

"सासूबाई कशा आहेत?" बाईंनी विचारलं.

"सुधारल्या. एकदम. मठात गर्दी होती का, मॅडम?"

"मठ दुरुस्तीला काढलाय."

थोडा वेळ दोघांनी टेबलक्लॉथवरच्या लाल चौकड्या मोजल्या. मग बाई हळूच म्हणाल्या, "आपण एकमेकांना पाहिलेलं नाही."

"कसं पाहणार? मी विदिनला आहे."

यावोर परतला तो तरंगतच. आता बाईंची शेंडी त्याच्या हातात होती, खुर्ची खिशात होती. त्याने केबापचे, म्हणजे खिम्याचे भाजलेले लांबट कबाब, मागवले, आणखी राकिया मागवली आणि नव्या केबिनला पडदे कोणत्या रंगाचे लावायचे हे तो बायकोला, गिन्काला, सांगू लागला. तेवढ्यात तिचा फोन वाजला. ती हळू आवाजात काहीतरी बोलली आणि फोन ठेवून म्हणाली, "आई आलीये. सकाळच्या बसने. चीज भरलेला बनित्सा भाजून आणलाय, आपल्या दाराशी उभी आहे. मी तिला इथला पत्ता दिला."

"दिलास? अगं, सांगायचं होतं काहीतरी."

"आईशी खोटं बोलू?"

"आईबद्दल बोललेलं चाललं तुला."

"ते तू बोललास."

फोनवर एक गोष्ट राहून गेली होती. दाराशी सासूबाई एकट्या नव्हत्या. बाईंचं दार बंद पाहून फुलं घेऊन परतलेली कचेरीतली पाच माणसं उपाशीपोटी तिथे आली होती, आणि त्यांना घेऊन आला होता पेत्को. यावोर खरंच घरी नाही ना, एवढीच त्याला खात्री करून घ्यायची होती.

पाऊण तासाने सगळी वरात तळघरात उतरली. पुढे बनित्साचं ताट घेतलेल्या सासूबाई होत्या, गाल लाल, चाल घोड्यासारखी.

"जावईबापू, मी मरायला टेकले होते म्हणे," त्या म्हणाल्या. "कशाने, ते तरी सांग. गावात लोक विचारतील."

पेत्कोने शांतपणे कोट काढला आणि तो अडकवायला स्टँडकडे निघाला. मागचे वांगी केस जवळजवळ टेबलाखाली गेले होते. बाई सापडल्या तर त्यांची अब्रू जाणार, आणि तिच्या पाठोपाठ त्याची खुर्ची. तो ताडकन उभा राहिला.

"पेत्को, सगळा बेत नासवलास. मॅडम, या आता बाहेर, यांना कळलं." मग तो सगळ्यांकडे वळला. "अरे, दोन घरी वेगवेगळं कशाला, या वर्षी दोघांचा नामदिवस एकत्र करू, असं आमचं ठरलं होतं. तुम्हाला चकित करायचं होतं. निरोप आईंकडेच दिला होता, म्हणून तर त्या तुम्हाला इथे घेऊन आल्या. आजारपण वगैरे सगळं नाटक, त्यांचीच कल्पना."

सासूबाईंनी तोंड उघडलं. गिन्काने त्यात बनित्साचा तुकडा कोंबला. बाई कपाळावरचे केस सावरत बाहेर आल्या आणि हसल्या. टाळ्या पडल्या, टेबलं जोडली गेली, स्तान्काने कपाळावर आठ्या घालून शेजारच्या टेबलांवरच्या खुर्च्याही ओढून आणल्या. पाचाचे दहा झाले, कारण प्रत्येकाने कोणाला तरी फोन केला. यावोरने सगळ्यांना पोटभर खाऊपिऊ घातलं आणि मनात म्हटलं, एका खुर्चीसाठी हे स्वस्तच आहे.

सोमवारी बाईंनी त्याला बोलावलं. समोर कागद होता.

"काल तुम्ही माझी लाज राखलीत, गेचेव्ह. एवढी मोठी थाप, इतक्या लोकांसमोर, एका श्वासात. मी रात्रभर त्याचाच विचार करत होते."

"आपलं कर्तव्यच होतं, मॅडम."

"उपप्रमुख पेत्को होईल. तो खोटं बोलला की त्याचे कान लाल होतात, मला तेवढं पुरे आहे. तुमच्यासारखा माणूस मी शेजारच्या खोलीत बसवला तर वर्षभरात माझी खुर्ची कुठे असेल, ते मला कळणारही नाही." त्यांनी कागद पुढे सरकवला. "तुम्हाला तळमजल्यावर पाठवतेय, नागरिकांच्या तक्रारींच्या खिडकीवर. तिथे रोज दोनशे माणसं येतात. सगळ्यांना काहीतरी सांगून परत पाठवायचं असतं. असं काम करणारा माणूस आम्ही कितीतरी वर्षं शोधत होतो."

यावोरने कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि आपल्याला किती आनंद झाला ते सांगितलं. तो इतकं छान बोलला की बाईंचाही क्षणभर विश्वास बसला.