अधिकाचं पहिलं बारसं

कोंढेगावात मुलाचं नाव त्याचा जन्ममहिना ठेवतो. महिना स्वतः बारशाला येतो, पाटावर बसतो, ऋतू बघून आपल्या वहीतलं एक नाव आत्याच्या कानात सांगतो, आणि आत्या ते बाळाच्या कानात सांगते. चैत्र आला की आधी कैरीची डाळ मागतो. पौष कांबळं पांघरून येतो आणि उंबऱ्याशीच बसतो. भाद्रपदाचा आवाज आरत्या म्हणून म्हणून बसलेला असतो, त्यामुळे त्याने सांगितलेलं नाव दोनदा विचारून घ्यावं लागतं. यात हसण्यासारखं काही नाही. आपल्या महिन्याने दिलेलं नाव अंगावर बेतून शिवलेल्या कपड्यासारखं असतं. दुसऱ्याने दिलेलं कुठेतरी काचतंच.

चैत्राबाई नाइकवडेला हे कुणी शिकवायला नको होतं, कारण तिचं तिला जन्मभर काचत होतं. जकात नाक्याच्या पलीकडे तिचं शिवणाचं दुकान. जन्म अधिक चैत्रातला. अधिक हा तेरावा महिना, तिथ्यांची ओढाताण मिटवायला तीनेक वर्षांनी एकदा येतो. त्याला स्वतःची खुर्ची नाही, ऋतू नाही, वही नाही. ज्या महिन्याच्या आधी येईल त्याच्या खुर्चीत तीस दिवस बसायचं आणि उठून जायचं. गाव त्याला जावयाच्या पंगतीला बसवून पुरणाचे धोंडे पोटभर खाऊ घालतं, पण लग्न, मुंज, बारसं, कशालाही बोलवत नाही. अधिकात मूल झालं, तर तो जाईपर्यंत गप्प बसायचं आणि पुढच्या महिन्यात नोंद करायची, ही गावाची रीत. चैत्राबाईच्या घरच्यांनीही तेच केलं. तेव्हापासून दर पाडव्याला चैत्र गावात येई, सगळ्यांना नावाने हाक मारी, आणि तिच्यासमोर आला की नम्रपणे म्हणे, "माफ करा, आपली ओळख नाही."

असे सत्तेचाळीस पाडवे झाले होते.

त्या वर्षी अधिक आश्विन होता. त्याच्या शेवटच्या दिवशी, अमावस्येला, दुपारी चार वाजता चैत्राबाईच्या धाकट्या भावाला, हेमंतला, मुलगी झाली. पाच वाजता बहीणभाऊ नगरपालिकेत हजर होते.

नोंदणीचे कारकून ढवळे पेनाचं टोपण लावून बसले होते. "उद्या सकाळी आश्विन चार्ज घेतोय," ते म्हणाले. "उद्याची तारीख टाकू. आश्विनाची वही झकास आहे. शरदिनी आहे, चांदणी आहे. तुम्हाला हवं ते सुचवून ठेवतो."

"पोरगी आज झालीये."

"बाई, एका रात्रीचा तर प्रश्न."

"एका रात्रीचा प्रश्न तुमचा. तिचा जन्माचा आहे."

हेमंत मार्गशीर्षातला, नावासारखाच थंड. तो हळूच म्हणाला, "ताई, सगळे असंच करतात गं."

"सगळे असंच करतात म्हणून मी माझ्याच गावात अनोळखी आहे. मुकाट बस." मग तिने दवाखान्यात भावजयीला फोन लावला आणि विचारलं, "श्रावणी, तुझं काय म्हणणं?"

श्रावणी रडत होती आणि हसतही होती. ते तिचं नेहमीचंच. "कळा मी अधिकात सोसल्यात, वन्सं. नाव आश्विनाचं कशाला घेऊ?"

ढवळ्यांनी नियमांचं पुस्तक काढलं. बारसं बाराव्या दिवशी, आणि नाव ठेवणारा महिना त्या दिवशी पदावर हवा. म्हणजे अधिकाला बारा दिवस मुदतवाढ लागणार. ती मिळते, असं कलम होतं. दोन अटी होत्या. जाणाऱ्या महिन्याची संमती, आणि येणाऱ्याची लेखी ना-हरकत.

"आजवर कुणी मागितली नाही," ढवळे म्हणाले.

"तुमच्या पुस्तकाची घडी मोडेल म्हणून भिताय का?" चैत्राबाईने अर्ज उचलला.

अधिक एसटी स्टँडच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. पिशवीत चार घरचे धोंडे बांधून दिलेले.

"बारशाला बोलवायला आलेय," चैत्राबाई म्हणाली.

"जेवायला ना? नको, पोट भरलंय."

"नाव ठेवायला."

त्याने पिशवी खाली ठेवली. "माझ्याकडे वही नाही, बाई. मला स्वतःलाच नाव नव्हतं. देवाने दया येऊन आपलं दिलं, तेव्हा लोक पुरुषोत्तम म्हणायला लागले. मी कुणाला काय देणार?"

"देवाने तुम्हाला दिलं, तेव्हा त्याने वही उघडली होती का?"

अधिकाने अर्जावर सही केली. एसटी आली आणि त्याच्याशिवाय गेली.

आश्विन दुसऱ्या दिवशी पहाटेच नाक्यावर पोचला. सायकलच्या दोन्ही बाजूंना झेंडूच्या पाट्या, डोक्याला नवी टोपी, अंगात घाई. अर्ज वाचून त्याचा चेहरा उतरला.

"अहो बाई, मला घट बसवायचेत. नऊ माळा, दसरा, पुढे कोजागरी. मी बारा दिवस इथे नाक्यावर उभा राहू?"

"उभे कशाला राहता? माझं दुकान हद्दीबाहेर आहे. आत बसा. काजं करता येतात का?"

"नाही."

"शिकवते. आणि तुमची माणसं तुमचीच राहणार आहेत, एक पोर तेवढं अधिकाला द्या. हिला तुम्ही नाव दिलंत, तर उद्या ही तुमच्यासमोर आल्यावर तुम्ही हिला ओळखाल? खरं सांगा."

आश्विनाने टोपी काढून हातात घेतली. महिने खोटं बोलत नाहीत. "नाही ओळखणार," तो म्हणाला, आणि त्याने ना-हरकत लिहून दिली.

अशा तऱ्हेने कोंढेगावात बारा दिवस वाढले. शेजारच्या गावांत त्यांच्या-त्यांच्या आश्विनाने घट बसवले, इथे अमावस्याच राहिली. चंद्राला काम नसल्याने तो उगवला नाही. दिवसांना तिथी नव्हती, म्हणून लोक वाढीव पहिला, वाढीव दुसरा असं म्हणू लागले. शाळेत हजेरी कोणत्या तारखेला घ्यायची ते कळेना, तेव्हा गुरुजींनी मुलांना चिंचेखाली सोडून दिलं. जावयांचा मुक्काम वाढला. सासवांचं एक शिष्टमंडळ चैत्राबाईकडे आलं.

"अगं, पुरण वाटून वाटून हात गेले आमचे. हा महिना उठणार कधी?"

"जावयांना वाटायला बसवा," चैत्राबाई म्हणाली.

सासवांनी बसवलं. चौथ्या दिवसापासून तक्रार आली नाही. पाचव्या दिवशी पोस्टमास्तरांनी सात वर्षं डुगडुगणारं टेबल नीट केलं. सातव्या दिवशी बायका दुपारच्या चक्क झोपल्या. दुकानात आश्विन एकेक काज जपून घालत होता आणि मधूनच म्हणत होता, "मला कधी असं बसायलाच मिळालं नव्हतं हो."

अधिकाला मात्र चैन नव्हतं. तो रोज संध्याकाळी येऊन सांगे, आज काही सुचलं नाही. भाद्रपदाकडे उसनं मागून पाहिलं, तर त्याने वही बंद झाल्याचं घोगऱ्या आवाजात कळवलं. अकराव्या दिवशी ढवळे घरी येऊन सांगून गेले, की उद्या सूर्यास्ताला मुदत संपते. तोवर नाव पडलं नाही, तर मुलीला अधिक परत येईपर्यंत, म्हणजे तीनेक वर्षं, बिननावाचं राहावं लागेल. त्या दिवशी चैत्राबाईने एकच झबलं तीनदा शिवलं आणि तीनदा उसवलं.

बाराव्या दिवशी पाळणा सजला. श्रावणीच्या मांडीवर बाळ डोळे उघडून पडलं होतं. अधिक धुतलेलं धोतर नेसून आला आणि पाटावर बसला. कुणीतरी सवयीने त्याच्यापुढे धोंड्यांचं ताट आणलं. चैत्राबाईने ते उचलून बाजूला ठेवलं. "आज ते कामावर आलेत."

बायकांनी गोविंद घ्या, गोपाळ घ्या करत बाळाला पाळण्याखालून वरून फिरवलं. मग सगळे थांबले. अधिक बाळाकडे बघत बसला. उन्हं भिंतीवरून उतरू लागली. ढवळ्यांनी दोनदा घड्याळ पाहिलं. हेमंत म्हणाला, "ताई..." आणि ताईने त्याच्याकडे पाहिल्यावर पुढचं गिळून टाकलं.

"माझ्याकडे फूल नाही," शेवटी अधिक म्हणाला. "फळ नाही, सण नाही. एकच गोष्ट आहे. दर खेपेला घेऊन येतो आणि तशीच परत नेतो."

"मग आज ठेवून जा."

तो चैत्राबाईच्या कानाशी वाकला. तिने ऐकलं, पदर सावरला, आणि पाळण्यात तोंड घालून म्हणाली, "कुर्रर्र... सवड!"

बायकांनी रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले. बाळाने एक लांबलचक जांभई दिली आणि, कसलीही घाई न करता, डोळे मिटले.

"हे कोणत्या ऋतूत घालू?" ढवळ्यांनी विचारलं.

"कोणत्याच नका घालू. जागा कोरी सोडा," चैत्राबाई म्हणाली.

त्यांनी कोरी सोडली.

घुगऱ्या वाटून झाल्यावर अधिक दाराशी थांबला. "बाई, तुझंही राहिलंय. तू झालीस तेव्हा मी तुमच्या पायरीवर बसलो होतो. आतून कुणी हाक मारली नाही. देऊ का आता?"

चैत्राबाई म्हणाली, "नको. या नावाने मी दुकान चालवलंय, दोन बहिणींची लग्नं केलीत. काचेना का, ते आता माझं आहे. तुम्ही ओळख ठेवा, म्हणजे झालं."

"ती आहेच," अधिक म्हणाला, आणि सहाच्या एसटीने गेला.

सूर्य मावळताच आश्विन सायकल घेऊन गावात शिरला. झेंडू सगळे ताजे होते. दुकानातून निघताना त्याने चौदा सदऱ्यांची काजं पुरी करून ठेवली होती. ढवळ्यांनी अधिकासाठी लाल कापडी बांधणीची वही करून घेतली. तिच्यात पहिल्या पानावर एक नाव आहे, बाकी पानं रिकामी आहेत.

पाडव्याला चैत्र नेहमीप्रमाणे आला. सवडला कडेवर घेऊन चैत्राबाई दारात उभी होती.

"माफ करा," तो नम्रपणे म्हणाला, "आपली ओळख नाही."

"बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली. "आमची दोघींची ओळख दुसरीकडे आहे. या, बसा. कैरीची डाळ केलीये."

चैत्र बसला. त्याने डाळ दोनदा मागून घेतली.