दहावा विद्यार्थी

मंगळवारी तर्कशास्त्राच्या ऑनलाइन तासाला पडद्यावरच्या माझ्याच चित्राने हात वर केला. माझे दोन्ही हात टिपणांवर होते. मी खाली बघून दोनदा खात्री केली.

"सर, तुमच्या चौकटीत हात वर आहे," रेहाना मुलाणी म्हणाली. "आधी त्यांचं घ्या, माझं नंतर."

स्वतःला अरेतुरे करावं की नाही ते पटकन ठरेना, म्हणून मी "विचारा" म्हणालो. शंका साधी होती. उत्तर मी बहुधा बरोबर दिलं.

तासानंतर संस्थेच्या समन्वयक देवस्थळी बाईंना फोन करून झाला प्रकार सांगितला.

"पटावर नाव आहे का त्यांचं?"

"नाही."

"मग घालून टाका, सर. तुमच्याकडे नऊच जण आहेत. महिनाअखेरीस दहा झाले नाहीत तर वर्ग बंद, पत्रही तयार आहे. फक्त तास संपताना त्यांनी स्वतः हजेरी द्यायला हवी. तुम्ही 'हजर' म्हटलेलं चालणार नाही."

निवृत्तीनंतर अकरा वर्षांनी मला हा एकच वर्ग मिळाला होता. मी नाव घातलं. चित्र रोज स्पष्ट आवाजात "हजर" म्हणे. माझं तोंड तेव्हा बंद असे.

महिन्याच्या शेवटच्या तासाला त्याने पुन्हा हात वर केला.

"सर, तुमच्या प्रबंधात एकशे बाराव्या पानावर 'हे उघडच आहे' असं लिहिलंय. ते उघड कसं?"

चाळीस वर्षं मी या प्रश्नाला भीत होतो. परीक्षकांनी तो विचारला नव्हता. मार्गदर्शकांनी तर त्या वाक्यापुढे बरोबरची खूण केली होती.

"ते पुढच्या तासाला बघू."

"मग मी निघतो," चित्र म्हणालं आणि त्याने वर्ग सोडण्याच्या लाल बटणाकडे बोट नेलं. "मी गेलो तर पुढचा तास कुठला, सर?"

"ही सरळ धमकी आहे," ओजस बनकर म्हणाला. "पण सर, सांगाच. आता आम्हालाही ऐकायचंय."

स्वयंपाकघरातून आमच्या सौभाग्यवतींचा आवाज आला, "अहो, सांगून टाका ना एकदाचं! झोपेत रोज तेच पान बडबडता."

मी चष्मा पुसला. तो स्वच्छच होता.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "लिहिलं तेव्हाही नव्हतं."

चित्राने हात खाली घेतला आणि ते वहीत उतरवून घेतलं. बाकीचे नऊ जणही लिहीत होते.

"सर, हे परीक्षेला येईल?" रेहानाने विचारलं.

"येईल," मी म्हणालो, आणि हजेरी घेतली. दहा भरले.

तेवढ्यात सौभाग्यवतींनी दोन कप चहा आणला. एक माझ्या हातात दिला, दुसरा कॅमेऱ्यासमोर ठेवला. तो रिकामा होईपर्यंत मी थांबलो आणि मग तास संपवला.