मोराचा ट्रक आणि भिवा उदाची होडी

एका जंगलात, मोठ्या खिंडीच्या अलीकडे, ओढ्याच्या काठाला भिवा नावाचा एक ऊद, त्याची बायको आवडी आणि त्यांची चार पिल्लं राहत होती. ऊद म्हणजे पाणमांजर, बाळांनो. अंगाने लांबट, मिशीने रुबाबदार आणि पोटाने कायमचा भुकेला.

त्यांच्याकडे एक होडी होती. आता तुम्ही विचाराल, जन्मतः पोहता येतं त्याला होडी कशाला? विचारू नका. दोन धड पाय असलेला माणूस कोपऱ्यावरून दूध आणायला गाडी काढतो, त्याला आपण विचारतो का?

होडी आवडीच्या बापाने लग्नात दिलेली. फणसाच्या लाकडाची, लहानशी, पण वजनाला भारी. आवडीने तिचं नाव ‘माहेर’ ठेवलं होतं. जाळं टाकायचं, पिल्लांना मध्ये बसवायचं आणि दिवस काढायचा, असा त्यांचा संसार.

घराच्या खालच्या अंगाला दोन काळे खडक होते. त्या खडकांमध्ये पूर्वी एक बंधारा होता. तीन पावसाळ्यांमागे तो वाहून गेला. तेव्हापासून राजा वाघ दरवर्षी तिथे यायचा, नारळ फोडायचा, “बंधारा बांधू” म्हणायचा आणि खोबरं खाऊन जायचा. तीन वर्षांत तीन नारळ झाले. बंधारा काही झाला नाही.

अडवायला काही नाही म्हणून पाणी थांबेना. पाणी थांबेना म्हणून मासे थांबेनात. त्या वर्षी तर जाळ्यात नुसता पालापाचोळा यायला लागला.

खिंडीच्या पलीकडे एक तळं होतं. मासेच मासे. तिथला कारभार बगळ्यांकडे. मुख्य बगळा एका पायावर उभा राहून भिवाला म्हणाला, “दसऱ्याला तुमची होडी तळ्यात तरंगताना दिसली, तर काठावरची जागा तुम्हाला. नाही दिसली, तर बदकांना. यादीत पुढचं नाव त्यांचंच आहे.”

“आणि आम्ही?”

“तुम्ही पुढच्या वर्षी अर्ज करा.”

पुढच्या वर्षापर्यंत पिल्लांनी काय खायचं, हे अर्जात लिहायला जागा नव्हती.

होडी खांद्यावर टाकून खिंड चढणं उदाचं काम नाही. होडीला ओढून नेणारा ट्रक हवा होता. नवा ट्रक उदांच्या सात पिढ्यांत कुणी घेतला नव्हता. म्हणजे जुना हवा. परवडणारा हवा. आणि होडी ओढणारा हवा. या तीन गोष्टी नीट लक्षात ठेवा, बाळांनो, कारण पुढे त्या कुणाच्याच लक्षात राहणार नाहीत.

घरात सुक्या माशांच्या बारा टोपल्या होत्या. थंडीची बेगमी. आवडी म्हणाली, “सहा ट्रकला, सहा पोटाला. त्याच्या वर एक सुकट जाता कामा नये.”

“अगं, मला कळत नाही का?” भिवा म्हणाला. बायकोला असं म्हणणाऱ्याला किती कळतं, ते तुम्ही मोठे झालात की कळेल.

वडाखाली रंगनाथशेठ सरड्याचं जुन्या गाड्यांचं दुकान होतं. भिवा तिकडे निघाला तो एकटा नाही. आपल्याकडे म्हैस घ्यायची तरी चार शहाणे बरोबर न्यायची पद्धत आहे. त्यातल्या एकाने तरी म्हैस पाहिलेली असावी, असा मात्र नियम नाही. भिवाने दोन शहाणे घेतले. एक घुबडशास्त्री. ते दिवसा डोळे मिटून बघायचे, म्हणून इतरांना दिसत नाही ते त्यांना दिसायचं. दुसरा बाजी वानर. तो स्वतः कधी गाडीत बसला नव्हता, पण मोबाइलवर गाड्यांचे व्हिडिओ बघून बघून त्याचे डोळे तोंडासारखेच लाल झाले होते.

आवडीला कुणी बोलावलं नव्हतं. ती आपली आपणच मागून गेली.

रंगनाथशेठचा स्वभाव मोठा गोड. गिऱ्हाईक ज्या रंगाचं, त्या रंगाचा होऊन बोलायचा. भिवाला बघितल्याबरोबर तो ओढ्याच्या पाण्यासारखा निळसर झाला.

“या मालक! तीन गाड्या आहेत. तिन्ही घरच्यासारख्या.”

पहिला ट्रक गव्याचा. एवढा मोठा, की त्याच्या सावलीत लग्न लागावं.

“किती देतो?” बाजीने विचारलं.

“देतो कसला, घेतोच,” शेठ म्हणाला. “डिझेल पीत नाही, डिझेलने आंघोळ करतो. तुम्हाला नको तो.”

दुसरा ट्रक अस्वलाचा. चिखलाच्या रंगाचा. एक दार दोरीने बांधलेलं. आत मधाचा वास आणि चार माश्या. किंमत सहा टोपल्या.

तिसरा ट्रक मोराचा. आहाहा! निळाजांभळा रंग, खिडक्यांना झालरीचे पडदे, आरशाला गोंडे, आणि सात सुरांचा भोंगा.

“एकाच मालकाची गाडी,” शेठ म्हणाला, आणि बोलता बोलता निळाजांभळा झाला. “वर्षातून एकदा, पाऊस झाला की मोर फिरायला काढायचा. मोर आत, पिसारा बाहेर. बारा टोपल्या. तुम्ही म्हणून.”

इकडे हे बोलणं चाललेलं, तिकडे आवडी वाकून ट्रकांच्या मागे बघत होती.

“अहो, इकडे या. अस्वलाच्या ट्रकची ही मागची आकडी बघा. झिजून चांदीसारखी झालीय. म्हणजे हिने जन्मभर ओढलंय. आणि मोराच्या ट्रकची आकडी बघा. रंगसुद्धा उडालेला नाही. हिला दोरीची ओळख नाही. आणि खाली वजन पेलणारे कमानीचे पाटे निम्मे काढलेत.”

“ट्रक खाली बसला की ऐटदार दिसतो, वहिनी,” बाजी म्हणाला. “सध्या तसंच चालतं.”

“भावजी, मला ट्रक बसवायचा नाही, चालवायचाय. शेठ, मी सांगते तसं करा. माझ्या माहेरी नदीकाठी बैलबाजार भरायचा. मी पाण्यातून डोकं वर काढून बघत असायची. लोक बैलाचे दात बघायचे, खूर बघायचे. पण शेवटी भरल्या गाडीची चाकं दोरखंडाने बांधायचे आणि ती गाडी बैलाला ओढायला लावायचे. ओढली तर बैल, नाहीतर नुसती शिंगं. आमची होडी आणते. तिन्ही ट्रकांना बांधू आणि समोरचा चढ चढवून बघू.”

सगळे हसले. वडावरची वटवाघळंसुद्धा उलटी लटकून हसली.

“वहिनी, हा ट्रक आहे, बैल नाही,” बाजी म्हणाला.

“म्हणून तर जास्त बघायचं. बैलाला लाज तरी असते.”

शेठ आवडीसारखा तपकिरी व्हायला लागला होता, पण वेळीच सावरला. “ताई, गाडी विकायला आहे, परीक्षेला नाही.”

मग घुबडशास्त्र्यांनी डोळे मिटून उरलेल्या दोन्ही ट्रकांच्या नंबरांवर पंजा फिरवला. “अस्वलाच्या नंबराची बेरीज आठ. शनी! ज्याच्या दारात उभा राहील त्याला राबवेल.”

“ट्रक राबायलाच घेतात ना, शास्त्रीबुवा?”

“मोराची बेरीज नऊ,” शास्त्री पुढे म्हणाले. त्यांना ऐकूही डोळ्यांनीच येत असावं. “हा घरात लक्ष्मी आणेल. पाण्याचा योग दिसतो.”

बाजीने भोंगा वाजवला. सात सूर निघाले. भिवाच्या मिशा थरथरल्या. आपण खिंड चढतोय, सगळं जंगल बाजूला होतंय, असं त्याला दिसायला लागलं. होडी त्या चित्रात कुठे नव्हती, हे त्याच्या लक्षात आलं नाही.

बाराच्या बारा टोपल्या गेल्या.

घरी येऊन आवडीने रिकाम्या मडक्यात हात फिरवला, तळाशी चिकटलेलं मीठ पिल्लांच्या जिभेवर लावलं आणि म्हणाली, “आज एवढंच.”

घटस्थापनेचा मुहूर्त निघाला. ट्रकला झेंडूच्या माळा घातल्या. चाकांखाली लिंबं ठेवली. शास्त्र्यांनी मंत्र म्हटले, बाजीने मोबाइल वर धरला. होडी दोन चाकांच्या गाड्यावर चढवून मोराच्या कोऱ्या आकडीला बांधली. होडीत जाळी, नांगराचा दगड, भांडीकुंडी, सगळा संसार. पिल्लंही ऐटीत वर बसली होती.

“आधी पोरं उतरवा,” आवडी म्हणाली.

“अगं, अपशकुन करू नको.”

“शकुन तुमचा तुम्ही बघा. पोरं माझी आहेत.” तिने चौघांना बखोटीला धरून खाली घेतलं.

ट्रक निघाला. लिंबं फुटली. सात सूर वाजले. पहिलं वळण चढला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या वळणावर खोकला आला. तिसऱ्या वळणावर त्याची मागची बाजू जमिनीला टेकली आणि पुढची चाकं हवेत गेली, जशी काही सूर्याला अर्घ्य देतायत.

मग होडी खाली यायला लागली. होडीच्या खाली गाडा, गाड्याच्या मागोमाग ट्रक.

धाकट्या चिमीने विचारलं, “आई, आता होडी ट्रकला नेतेय का?”

“हो बाळा. माहेरच्या वस्तूत जोर असतो.”

भिवाने दारातून उडी टाकली, तो करवंदाच्या जाळीत पडला. शेवटच्या वळणावर होडी गाड्यावरून निसटली आणि घसरत जाऊन घराशेजारच्या गवतात अलगद बसली, एक फळी न मोडता. ट्रक मात्र थांबला नाही. तो सरळ ओढ्यात उतरला, आडवा झाला आणि त्या दोन काळ्या खडकांच्या मध्ये जाऊन असा घट्ट बसला, की जणू माप घेऊन शिवला होता. भोंगा तेवढा दाबलेला राहिला. सात सूर पाण्यातून बुडबुड करत दिवस मावळेपर्यंत वाजत होते.

लोक घरोघर गेले. शास्त्र्यांना झोप आली. भिवा अंगातले काटे काढत म्हणाला, “आवडे, बुडालो.”

“बुडायला पाणी लागतं,” आवडी म्हणाली. “ते तरी कुठाय?”

बाळांनो, देवसुद्धा कधी कधी बायकोचं बोलणं ऐकतो. त्याच संध्याकाळी परतीचा पाऊस कडाडत आला. डोंगरावरचं पाणी खाली धावलं. पालापाचोळा, फांद्या, गाळ, सगळं येऊन ट्रकला अडलं. झालरीच्या पडद्यांनी फटी बुजल्या. सकाळी बघतात तो, ओढ्याला पोटभर पाणी!

दुसऱ्या दिवशी पाणी वाढलं. तिसऱ्या दिवशी खडकांच्या खांद्याला लागलं. डोंगरावरून वाहत आलेले मासे आता खाली जाईनात. ट्रकच्या पुढच्या सीटवर मरळ मासा बसायला लागला. चाकांत खेकडे राहायला आले. जिथून सात सूर निघायचे, तिथून झिंगे निघायला लागले.

आणि दसऱ्याच्या सकाळी गवतातली होडी हळूच हलली, एका अंगाने वर उठली आणि आपली आपण तरंगायला लागली. होडीला तळ्याकडे न्यायचं होतं, तर तळंच चालत होडीकडे आलं!

मुख्य बगळा खिंडीवरून उडत आला. होडी बघून त्याने दुसरा पायसुद्धा खाली टेकला. “होडी तळ्यात आहे, हे खरं. पण तळं आमचं नाही, हेही खरं. इथली जागा मिळायला अर्ज कुणाकडे करायचा?”

आवडीने त्याला पानावर एक मासा वाढला आणि म्हणाली, “पुढच्या वर्षी करा.”

लगेच सगळे जमले. घुबडशास्त्री म्हणाले, “नऊ! मी म्हटलं नव्हतं, पाण्याचा योग आहे?” बाजीने व्हिडिओ केला: ‘गाडी निवडताना मी काय बघतो’. तो सगळ्या जंगलाने बघितला. रंगनाथशेठने पाटी लावली: ‘आमच्या गाड्या एकदा बसल्या की हलत नाहीत’.

राजा वाघ आला, चौथा नारळ फोडला, फीत कापली आणि म्हणाला, “जनतेला दिलेला शब्द आम्ही पाळला.” फलक लागला, ‘मयूरसागर’. फलकावर चित्र मोराचं, नाव राजाचं. भिवाला शाल मिळाली. आवडीला गर्दीत शालीचं टोक दिसलं.

शाल पांघरून भिवा म्हणाला, “बघितलंस? माझी निवड कशी निघाली?”

“कशी म्हणजे? दूरदृष्टीची,” आवडी म्हणाली. “तुम्ही ट्रक घ्यायला गेलात आणि धरण घेऊन आलात. आता एक टोपली उचला. जड आहेत.”

मासे इतके झाले, की बाजारात पोचवायला गाडी हवी. आवडी एकटी वडाखाली गेली. अस्वलाचा ट्रक तिथेच होता. बेरीज आठ, कोण घेणार? तिने त्याच्या मागे भरल्या टोपल्यांचा गाडा बांधला, चाकं दोरखंडाने आवळली आणि म्हणाली, “शेठ, ओढायला लावा.” ट्रक घुरघुरला, दोरीने बांधलेलं दार खडखडलं, आणि बांधलेली चाकं फरफटत तो गाडा चढावर गेला. शेठ पहिल्यांदाच कुठल्याही रंगाचा झाला नाही.

तेव्हापासून उदाच्या घरात सुक्या माशांची टोपली कधी रिकामी झाली नाही, पिल्लांच्या पाठी लोण्यासारख्या चकचकीत झाल्या, आणि ‘माहेर’ दारातच डुलत राहिली. अस्वलाचा ट्रक रोज खिंड चढतो. त्याला अजून कुणी हार घातलेला नाही. आवडी रात्री त्याच्या आकडीला तेवढं तेल लावते.

तात्पर्य: वस्तू घेताना तिची परीक्षा घेऊ नये, चार शहाण्यांचं ऐकावं आणि चूक करायची तर हात आखडू नये. लहान चूक आपल्याला निस्तरावी लागते. पुरेशी मोठी केली, की राजा येऊन तिचं उद्घाटन करतो.