कृपया रात्रपाळी

लटारू जेवता जेवता ताटाच्या काठावर बोटं बडवू लागला, तेव्हाच ठमाबाईला संशय आला. त्याचा बाप असाच बोटं बडवायचा, आणि चार दिवसांनी घरातलं काहीतरी गायब झालेलं कळायचं.

"काय लपवून राह्यला बे?"

"काई नाई माय. ऑफिसचं काम हाय."

काम असं, की सिमेंट कारखान्यातला जुना कॉम्प्युटर मोडीत निघाला होता. पाळ्यांच्या याद्या काढणारे प्रोग्राम मात्र त्या जुन्याशिवाय कोणाला जुमानत नव्हते. म्हणून लटारूने असा एक प्रोग्राम लिहिला, की नवं यंत्र हुबेहूब जुन्याचं सोंग घेई.

"म्हंजे नवरीनं सासूचं लुगडं नेसाचं, अन् घरच्यायनं तिले सासू समजाचं? पोलीस नेतीन तुले."

"चोरी नाई माय. आता त फक्त हुकूम द्याची रीत वाढवून राह्यलो. पहिले एकेक अक्षरच टाका लागे, तेबी ठरल्या क्रमानं. आता पूरे शब्द चालतीन, आपलेच, फक्त इंग्रजी अक्षरात. 'पाळी' लिवलं का लगेच पुढं 'रात्र'. 'विभाग' लिवलं का पुढं 'भट्टी'. कोनतंबी आधी लिवा."

"अन् त्याले समजलं नाई त?"

"सोडून देते. मंग सगळेच विभाग, सगळ्याच पाळ्या घेते."

"गुमान?"

"गुमान."

ठमाबाईने पोळी त्याच्या ताटात आपटली. गुमान राहणाऱ्यावर तिने जन्मात विश्वास ठेवला नव्हता. त्यात लटारूची नोकरी सहा महिन्यांची, कच्ची. बापूराव साहेबांनी बजावलं होतं, या आठवड्याच्या याद्या बिनचूक निघाल्या तर पक्का, नाहीतर घरी.

बुधवारी सकाळी सहा वाजता कारखान्याच्या फाटकावर जत्रा भरली. आदल्या संध्याकाळी फळ्यावर लागलेल्या यादीत झाडून सगळ्यांची नावं होती, पाळी मात्र कोणतीच नव्हती, म्हणून सगळ्यांनी सकाळच धरली. रात्रभर भट्टीवर भाजलेले घरी जाईनात, दुपारवाले डबे घेऊन हजर, राजुऱ्याच्या बसच्या टपावरसुद्धा माणसं. कँटीनमध्ये चाळीस जणांच्या पोह्यांवर तीनशे जण तुटून पडले. चार वर्षांपूर्वी वारलेला पत्रू चौकीदारही यादीत होता. त्याची बायको बायनाबाई फाटकाशी उभी राहून ओरडत होती, "तुमीच बोलावलं त्याले, आता तुमीच जाऊन आना!"

दुपारवाल्यांनी सकाळीच हजेरी लावून टाकली आणि दुपारी यायला साफ नकार दिला. भट्टीवर दुपारी कोण, हे देवालाही सांगता येईना. बापूराव साहेबांनी लटारूला उभा केला आणि म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस."

बातमी क्वार्टरात पोचली तशी ठमाबाई पदर खोचून थेट ऑफिसात. यादी दसरू क्लार्कने काढली होती, हे तिने फाटकावरच काढून घेतलं होतं.

"काऊन दसरूभाऊ, तुया भाचा बसाचा हाय न लटारूच्या खुर्चीवर?"

"पोरायची शपथ बाई, मी काई नाई केलं!"

"मंग काय लिवलं ते वाच. आवाज काढून."

दसरूने चष्मा पुसला. "विभाग कृपया भट्टी, पाळी कृपया रात्र, ही नम्र विनंती."

लटारूने कपाळ धरलं. विभागापुढे 'कृपया', पाळीपुढेही 'कृपया'. यंत्राने कृपया नावाचा विभाग शोधला, कृपया नावाची पाळी शोधली, दोन्ही सापडल्या नाहीत आणि गुपचूप सगळ्यांना बोलावलं. जुन्या नोंदीतल्या पत्रूलासुद्धा.

"कृपया काऊन टाकलं दसरूभाऊ?"

"लाखाची मशीन हाय गा! तिले का 'ए' करून सांगाचं? बावीस वर्सं अर्ज लिवून राह्यलो. बिना कृपयाचा एक कागद या ऑफिसात पुढं सरकला नाई."

साहेब खिडकीबाहेर पाहू लागले. ठमाबाई त्यांच्याकडे वळली.

"साहेब, दसरूची चूक इतकीच, का तो सभ्य निंगाला. खरी खोट हाय ते या मुंडी हालवनाऱ्या मशीनीत. समजलं नाई त विचारा लागते का नाई? मी गड्याले बाजारात पाठवतो त काय आनशीन ते आधी वदवून घेतो. वदता नाई आलं त तो उंबऱ्यातूनच वापस."

लटारू खुर्चीवर बसला आणि प्रोग्राम बदलू लागला. तासाभरात न समजलेल्या शब्दावर यंत्र अडून बसू लागलं. दसरूने हट्टाने पुन्हा 'कृपया' टाकलं, तेव्हा पडद्यावर उमटलं, अशी पाळी नाही, नीट सांगा.

"घ्या, आता मलेच उलटून बोलते," दसरू पुटपुटला. पण दुपारच्या भोंग्याआधी भट्टीची यादी बरोबर निघाली आणि माणसंही मिळाली.

"साहेब, लटारूचं?" ठमाबाईने विचारलं.

"बघू."

ठमाबाईने खुर्ची ओढली आणि बसली. "बघू म्हंजे हो, का नाई?"

साहेबांनी घड्याळ पाहिलं. बाई हलेना. "बरं बाई. करतो पक्का."

"कवा?"

"एक तारखेपासून."

ठमाबाई उठली, दारापर्यंत गेली आणि मागे वळली.

"कोनत्या महिन्याच्या?"

बापूराव साहेबांनी पेन काढलं, आणि नोकरीत पहिल्यांदाच सालासकट तारीख लिहून दिली.